किल्ल्यावरचा मावळा किती वर्षांचा?

दिवाळी आली की अंगणात, नाहीतर गॅलरीत, मुलांचा किल्ला उभा राहतो. माती, विटा, जुनी पोती आणि वर पेरलेले अळीव. तुमच्या स्वयंपाकघरातला अळिवाचा डबा त्या दिवसांत हमखास रिकामा होतो, हो ना? मग बाजारातून मावळे येतात. ढाल-तलवारवाले, काळ्याभोर मिशा रंगवलेले. ह्या मिशांनीच आपली फसगत केली आहे. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून शिवाजीमहाराजांभोवती जे पहिले सवंगडी जमले, त्यांत मिसरूडही न फुटलेली पोरं असणारच.

खुद्द महाराजांचेच पाहा. जन्म १६३० चा. रायरेश्वराच्या देवळात स्वराज्याची शपथ घेतली ती १६४५ साली, असे परंपरा सांगते; म्हणजे वय पंधरा. वेल्ह्याच्या डोक्यावरचा तोरणा ताब्यात आला १६४६-४७ च्या सुमारास. आज ह्या वयाचा मुलगा अकरावीत असतो आणि त्याला एकट्याला एस. टी. त बसवताना आपण चारचारदा बजावतो, "खिडकीतून हात बाहेर काढू नकोस."

तेव्हा 'अल्पवयीन' ही कल्पनाच नव्हती म्हणा. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद मावळ, सगळा डोंगरी मुलूख. भात-नाचणीची शेती. दहा-बारा वर्षांचा पोरगा गुरे राखायचा, रानातून मोळी आणायचा, आणि कुऱ्हाड पेलली की तो मोठा झाला. राजघराण्यातही तेच. पुरंदरच्या तहानंतर, १६६५ साली, मोगलांची पाचहजारी मनसब कोणाच्या नावे झाली? संभाजीराजांच्या. वय वर्षे आठ! पुढच्याच वर्षी ते वडिलांबरोबर आग्र्याला गेले.

पण मला जास्त सांगायचे आहे ते घरात मागे राहिलेल्या बायकांविषयी. भोर तालुक्यात कारी नावाचे गाव आहे, कान्होजी जेध्यांचे. १६५९ साली अफजलखान चालून आला, तेव्हा विजापूरच्या बादशहाचे फर्मान ह्या घरीही पोचले: खानाला मिळा. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडले. वतन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको; पिढ्यान्‌पिढ्यांचे घरदार, मानपान, जमीन. महाराजांनी त्यांना सांगितले की बायका-मुलांना तळेगाव ढमढेऱ्याला हलवा. पाच मुलगे नवऱ्याबरोबर एकाच लढाईत, आणि आपण बोचकी बांधून परमुलखाची वाट धरायची! बखरकारांनी ह्या प्रवासाला एखादे वाक्यही दिले असेल तर पुष्कळ झाले. चूल कुठे मांडली, रात्री कोणाला झोप लागली, हे कोण लिहिणार?

पुढच्याच वर्षी, जुलै १६६० मध्ये, पावनखिंड झाली. बाजीप्रभू देशपांडे भोरकडच्या शिंद गावचे, आणि त्यांच्याबरोबरचे बांदल ह्याच हिरडस मावळातले. सुमारे तीनशे माणसे खिंडीत थांबली, महाराज विशाळगडावर पोचले. त्यानंतर दरबारातला मानाच्या पहिल्या पानाचा अधिकार जेध्यांनी बांदलांना दिला. मोठ्या मनाची गोष्ट खरी. पण एकाच खोऱ्यातले इतके मर्द एका दिवसात गेले, तर त्या साली भाताची कापणी कोणी केली असेल? बायकांनी आणि उरलेल्या पोरांनीच ना!

आता काळ बदलला. पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती हत्यार देणे हा आज जगभर युद्धगुन्हा मानला जातो. त्यासाठी कांगोच्या थॉमस लुबांगाला २०१२ साली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवले. श्रीलंकेत तमिळ वाघांनी शाळकरी मुले-मुली ओढून नेली, ते तर आपल्या शेजारी घडले. मुलेच का? ती कमी खातात, उलट प्रश्न विचारत नाहीत आणि मरणाची कल्पनाच त्यांना नसते. किती थंड हिशेब आहे पाहा. भारताने ह्याविषयीचा करार २००५ साली मान्य केला, आणि अठरा पुरी झाल्याशिवाय जवानाला प्रत्यक्ष लढाईच्या भागात पाठवणार नाही असे कळवले.

तरीही तुमच्या घरातला सोळा वर्षांचा चिरंजीव पहाटे उठून धावायला लागला असेल, तर त्याला हसू नका, रागावूही नका. अग्निवीर भरतीचे किमान वय साडेसतरा आहे. अठराच्या आत असेल तर अर्जावर पालकांची सही लागते. सही करण्याआधी जन्मदाखला आणि शाळेचा दाखला शेजारी ठेवून पाहा. आपल्याकडे गुरुजींनी पहिलीत नाव घालताना सर्रास एक जून ही जन्मतारीख ठोकून दिलेली असते. त्यामुळे कागदावरचा मुलगा कधी कधी खऱ्या मुलापेक्षा वर्षभराने मोठा निघतो. खरी तारीख तुम्हालाच ठाऊक असते. ती घरात मोकळेपणी बोला, आणि त्याला बारावीचा अभ्यास तेवढा पुरा करायला लावा.