फाइलचं नाव बदललं तरी चालणारा मॅक्रो

एक्सेलमध्ये मॅक्रो रेकॉर्ड करताना एका फाइलमधून दुसरीत गेलात, की रेकॉर्डर तिचं नाव कोडमध्ये जसंच्या तसं लिहून टाकतो: विंडोज("मार्च पगार.एक्सएलएसएक्स").ॲक्टिव्हेट. एप्रिलमध्ये फाइल नव्या नावाने सेव्ह झाली, की मॅक्रो याच ओळीवर अडतो आणि 'रन-टाइम एरर 9' दाखवतो. उघड्या फाइलींमध्ये त्या नावाची फाइल नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

ज्या फाइलमध्ये मॅक्रो साठवला आहे, तिच्यासाठी नावाऐवजी 'दिसवर्कबुक' लिहावं. मग तिचं खुशाल नवं बारसं करा. 'ॲक्टिव्हवर्कबुक' म्हणजे त्या क्षणी समोर असलेली फाइल. मॅक्रो पर्सनल वर्कबुकमध्ये ठेवून कुठल्याही फाइलवर चालवायचा असेल तर हाच शब्द हवा. तिथे दिसवर्कबुक म्हणजे खुद्द पर्सनल वर्कबुकच. पण मॅक्रोने मध्येच दुसरी फाइल उघडली की 'समोरची' बदलते आणि आकडे भलत्याच शीटमध्ये जाऊन बसतात. एररही येत नाही, म्हणून हा घोळ जास्त वाईट. त्यापेक्षा सुरुवातीलाच 'सेट मूळ = ॲक्टिव्हवर्कबुक' करून ठेवावं, आणि उघडायची फाइलही 'सेट नवी = वर्कबुक्स.ओपन(पाथ)' अशी व्हेरिएबलमध्ये धरावी. पुढे सगळीकडे मूळ आणि नवी.

शीटचंही तेच. टॅबवरचं नाव कुणीही बदलतं. एडिटरमधल्या कोडनेमला सहसा कोणी हात लावत नाही.