सुट्टीची काळजी, भलत्याच ठिकाणी

मे महिना लागला की आठवी ते दहावीच्या मुलांच्या घरात दोन वाक्यांची उजळणी सुरू होते: ‘ऊठ, किती वाजले बघ’ आणि ‘ठेव तो मोबाइल’. आईवडिलांची काळजी खोटी नसते, पण बऱ्याचदा ती भलत्याच ठिकाणी खर्च होते. ज्यावरून रोज वाजतं त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं आणि जे जिवावर बेतू शकतं त्याला कौतुकानं मुभा मिळते. या वयाच्या सुट्टीबद्दलचे सात रूढ समज इथे तपासून पाहू, किरकोळापासून गंभीराकडे.

गैरसमज 1 : सुट्टी सगळ्यांना सारखीच मिळते.

वस्तुस्थिती : फरक तारखांपासूनच सुरू होतो. विदर्भात जूनमध्येही ऊन उतरत नाही, म्हणून तिथल्या शाळा उशिरा उघडतात. 2025 मध्ये उर्वरित राज्यात 16 जूनला शाळा भरल्या, विदर्भात 23 जूनला. दहावी झालेल्यांची गोष्ट आणखी निराळी. त्या वर्षी परीक्षा 17 मार्चला संपली आणि निकाल 13 मेला लागला, म्हणजे निकालाआधीच जवळपास दोन महिने मोकळे. नववीतून दहावीत जाणाऱ्यांचा मे मात्र क्लासमध्येच सरतो. ऊसतोड कामगारांच्या कितीतरी मुलांसाठी हा आईवडील फडावरून परतून घरी असण्याचा काळ. शेजारच्या मुलाशी तुलना करण्याआधी त्याला सुट्टी किती आणि कशी मिळाली, तेही पाहावं.

गैरसमज 2 : उशिरापर्यंत झोपणं म्हणजे आळस.

वस्तुस्थिती : वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात लहानपणापेक्षा रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे दहाला आडवं होऊनही डोळा लागत नाही. झोपेची गरज मात्र फारशी घटत नाही. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप हवी, अशी शिफारस ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन’ने 2016 मध्ये केली. सकाळच्या शाळेसाठी साडेपाचला उठणाऱ्यांना वर्षभर तेवढी झोप मिळतच नाही. त्यात मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात मध्यरात्रीपर्यंत उकाडा असतो. बाराला झोपलेली मुलगी नऊला उठली, तर तिची झोप नऊ तासच झाली. पहाटे तीनपर्यंत जागून दुपारी उठणं सुरू झालं, तर मात्र लक्ष घालावं. शाळा उघडण्याआधी आठ-दहा दिवस रोज पंधरा-वीस मिनिटं लवकर उठवत गेलं की घडी पुन्हा बसते.

गैरसमज 3 : सुट्टीत पुस्तक उघडलं नाही तर वर्षभराचा अभ्यास पुसला जातो.

वस्तुस्थिती : ही भीती मुख्यतः अमेरिकेतल्या संशोधनावरून पसरली. तिथली उन्हाळी सुट्टी आपल्यापेक्षा बरीच लांब असते. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सरासरी पिछेहाट महिनाभराच्या शिकण्याइतकी दिसली. गणितात जास्त, वाचनात कमी. पुढे 2019 मध्ये पॉल फॉन हिपेल यांनी दाखवून दिलं की त्या निष्कर्षांचा काही भाग जुन्या चाचण्यांच्या गुण मोजण्याच्या पद्धतीतून आला होता. थोडंफार विसरणं होतं, पण वर्ष पुसलं जात नाही. रोज अर्धा तास गणितं आणि आवडीचं वाचन एवढ्यानं धार टिकते.

या भीतीवरच व्हेकेशन बॅचेस भरतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग केंद्रांनी 16 वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवू नये आणि क्लास मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. दहावीच्या ‘इंटेन्सिव्ह’ बॅचची पावती फाडण्याआधी एवढं माहीत असावं.

गैरसमज 4 : मोबाइल दोन तासांच्या आत असला की झालं.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेनं स्क्रीनसाठी तासांची मर्यादा घातली ती पाच वर्षांखालच्या मुलांसाठी. 5 ते 17 वयोगटासाठी 2020 च्या शिफारशींत असा आकडा नाही. करमणुकीचा स्क्रीनवेळ कमी ठेवा, एवढंच म्हटलं आहे. आकडा दिला आहे तो हालचालीचा: रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल असा व्यायाम किंवा खेळ. त्यामुळे ‘मोबाइल किती वेळ पाहिला’ याच्या जोडीनं ‘घाम किती वेळ गाळला’ हेही विचारायला हवं. उन्हाच्या तडाख्यात हा तास सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर बसवावा लागतो.

गैरसमज 5 : चौदा वर्षांखालच्या मुलानं कामाला हात लावला तरी गुन्हा, चौदानंतर सगळं चालतं.

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धसत्यं. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली. चौदाखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20 ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पण शाळा सुटल्यावर वा सुट्टीत घरच्या शेतात, घरच्या दुकानात मदत करायला मुभा आहे, काम धोक्याचं नसेल तर. कोकणात घरच्या आंब्याच्या पेट्या भरू लागणं यातच येतं. 14 ते 18 वयाच्या मुलांना खाणीत, स्फोटक वा ज्वालाग्राही पदार्थांच्या कामावर आणि घातक प्रक्रियांमध्ये लावता येत नाही. इतर ठिकाणीही विश्रांती धरून सहा तासांहून जास्त काम नको, तीन तासांनंतर तासभर सुट्टी हवी, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम नकोच. सुट्टीत दुकानात उभं राहून चार पैसे कमावण्यात कमीपणा नाही. रात्री अकरापर्यंत राबवून घेणारा मालक मात्र कायदा मोडतो.

गैरसमज 6 : सोळावं लागलं की लायसन मिळतं, मग स्कूटर चालवायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीची. घरोघरी उभ्या असलेल्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या असतात. त्यांना अठराच पूर्ण हवीत. ताशी 25 किलोमीटरच्या आत धावणाऱ्या, 250 वॉटपर्यंतच्या इलेक्ट्रिक दुचाकींना लायसन लागत नाही. त्याच गाडीचा वेग वाढवून घेतला की ती सवलत संपते.

‘गल्लीतल्या गल्लीत तर जातोय’ हा बचाव टिकत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेल्या 199-अ कलमानुसार अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. गाडी त्याच्या संमतीनंच दिली असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे त्यानं सिद्ध करायचं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत शिकाऊ लायसनही मिळत नाही.

गैरसमज 7 : पोहता येणारा बुडत नाही.

वस्तुस्थिती : पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत शिकलेला मुलगा त्या विहिरीत सराईत असतो. धरणाचं पाणी, पाणी साचलेली खदान किंवा नदीचा डोह ही त्याच्यासाठी नवी जागा. तिथे उथळ काठ एका पावलात खोल होतो, तळाला गाळ असतो, दमल्यावर धरायला कपार नसते.

शेततळं याहून फसवं. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर ती गावोगाव झाली. अनेकांना प्लास्टिकचं अस्तर असतं. उतारावरचं ओलं, शेवाळलेलं प्लास्टिक इतकं निसरडं होतं की पोहत काठाशी आलेल्यालाही वर चढता येत नाही, आणि त्याला काढायला उतरलेलाही घसरतो. एकाच घरातली दोन-तीन मुलं एकदम गेल्याच्या बातम्या येतात त्या अशा. भोवती कुंपण आणि काठाला कायम बांधलेला, गाठी मारलेला दोर हा उपाय फार खर्चाचा नाही.

बुडणारा ओरडेल हीसुद्धा समजूत चुकीची. त्याची सगळी धडपड श्वासासाठी चाललेली असते, आवाज फुटतच नाही. काठावरच्यांना वाटतं, मस्करी करतोय. मदतीला थेट उडी घेण्याऐवजी दोर, साडी, फांदी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा. बाहेर काढल्यावर उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्याच्या फंदात पडू नये. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि उलटी होऊन ती श्वासनलिकेत शिरू शकते. श्वास चालत नसेल तर तोंडानं श्वास द्यायला आणि छाती दाबायला लगेच सुरुवात करावी आणि त्याच वेळी दुसऱ्यानं 108 ला फोन लावावा.

सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात गाडीची किल्ली कुणाकडे राहणार आणि पोहायला कुठे, कुणाबरोबर जायचं, या दोन गोष्टी घरात स्पष्ट ठरवून टाकाव्यात. तिथे सूट नको. मग उठण्याच्या वेळेवरून थोडी ढिलाई दिली, तरी काही बिघडत नाही.