ठिणगी पडते तेव्हा पिस्टन कुठे असतो?

जुळवलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करायचा दिवस घरात आधीच ठरलेला असतो. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावलेली, नवं ऑइल भरलेलं, रेडिएटर काठोकाठ, शेजारी पाण्याची बादली आणि ओलं पोतं. चावी फिरते, स्टार्टर घरघरतो, इंजिन दोन झटके देतं आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून 'फट्' करून जाळ बाहेर येतो. मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. जेटमध्ये कचरा असेल, पेट्रोलमध्ये पाणी असेल, पंप कमी देत असेल. कार्ब्युरेटर उतरवला जातो, धुतला जातो, परत चढवला जातो. चावी फिरते. पुन्हा 'फट्'.

खरा दोष बहुतेक वेळा हातभर अंतरावर, डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या टोपीखाली असतो. मिश्रण बरोबर असतं, ठिणगीही पडत असते. फक्त ती भलत्याच वेळी पडत असते.

मराठी मुलखात हे दुखणं सगळ्यात जवळून पाहिलं गेलं ते फिएटच्या इंजिनात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात, मग फिएट आली. इटलीत १९५३ मध्ये अवतरलेली ११०० ही गाडी इथे '११०० डी' झाली आणि सत्तरच्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. नावं बदलली तरी बॉनेटखालचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन मुळात तेच राहिलं: बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पाने, फिलर गेज आणि धीर एवढ्या भांडवलावर हे इंजिन घरामागच्या शेडमध्ये उघडता येतं.

पण घरी जुळवलेलं इंजिन आणि कारखान्यातून आलेलं इंजिन यांत एक मोठा फरक असतो. ब्लॉक एका गाडीचा, क्रँक दुसऱ्या गाडीचा, पुढचं कव्हर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेलं, पुली कुठली ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. चार घरची चार माणसं एका पंगतीला बसवावीत तसा हा मेळ. प्रत्येक भाग चांगला असतो, पण त्यांच्यावरच्या खुणा एकमेकींना ओळखत नाहीत. टायमिंगचा घोळ इथूनच सुरू होतो.

ठिणगी पडली की मिश्रण एकदम फुटतं, असा अनेकांचा समज असतो. नीट चाललेल्या इंजिनात ते फुटत नाही, जळतं. गवताची गंजी एका कडेने पेटावी तशी ज्योत प्लगपासून निघते आणि सिलिंडरभर पसरते. त्याला वेळ लागतो, साधारण दोन मिलिसेकंद धरू. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर तेवढ्या वेळात क्रँक ३६ अंश फिरून गेलेला असतो. पिस्टनला सगळ्यात जास्त ढकल मिळायला हवी ती टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, ओलांडल्यावर पंधरा अंशांच्या आसपास. म्हणून ठिणगी आधीच पाडावी लागते, पिस्टन अजून वर चढत असताना. या आधी पाडण्याला ॲडव्हान्स म्हणतात. संथ चालीत दहा अंशांच्या आसपासचा ॲडव्हान्स पुरतो. वेग वाढला की अशा इंजिनांना एकूण तीस अंशांच्या जवळपास लागतो.

वेगागणिक बदलणारी ही वेळ सांभाळणारं यंत्र म्हणजे डिस्ट्रिब्युटर. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ही मांडणी गाडीत रुजवली ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने. त्याच्या कंपनीची इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकमध्ये बसली. कंपनीचं नाव होतं डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज, आद्याक्षरांवरून 'डेल्को'. स्पेनमध्ये आजही डिस्ट्रिब्युटरला बोलीत 'डेल्को' म्हणतात.

टोपीचे दोन क्लिप काढून आत पाहिलं तर सगळा कारभार तळहातावर मावेल एवढा. मधोमध दांडा, तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. दांड्यावर चार कोपऱ्यांचा कॅम. प्रत्येक कोपरा पॉइंटच्या फायबरच्या टाचेला धक्का देतो, पॉइंट उघडतो, कॉइलमधला प्रवाह तुटतो, तिथलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. रोटर तो झटका पाळीच्या सिलिंडरकडे पाठवतो. प्लेटखाली दोन छोटी वजनं स्प्रिंगला बांधलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि कॅमला थोडं पुढे सरकवतात, ठिणगी लवकर पडते. बाजूला पत्र्याची डबी, आत पडदा. इंजिनावर भार कमी असला की मॅनिफोल्डकडची ओढ या पडद्याला खेचते आणि आणखी काही अंश मिळतात. ३००० फेऱ्यांना हा पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो.

शोध सुरू करायचा तो या टोपीपाशी नाही, पुलीपाशी. पुलीवरची खाच कव्हरवरच्या काट्यासमोर आली म्हणजे पहिला पिस्टन अगदी वर आला, असं धरून लोक पुढे जातात. पहिला सापळा हाच: पुली किंवा कव्हर दुसऱ्या इंजिनाचं असेल तर ही खूण सरळ फसवते. काही इंजिनांच्या पुलीची बाहेरची रिंग रबराने चिकटवलेली असते. रबर म्हातारं झालं की रिंग घसरते, आणि खूण मूळ इंजिनावरसुद्धा खोटी ठरते.

प्लगच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर सोडून पिस्टन वर आल्याचं पाहणं ही सर्रास वापरली जाणारी युक्ती आहे. अंदाजाला ती ठीक आहे, अंश मोजायला निरुपयोगी. ७५ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात टॉपच्या आधी पाच अंशांवर पिस्टन सगळ्यात वरच्या जागेपासून जेमतेम दोन दशांश मिलिमीटर खाली असतो. एवढी हालचाल स्क्रू ड्रायव्हर दाखवत नाही, आणि हेच पाच अंश इंजिनाला सरळ किंवा वेडं करतात.

म्हणून जाणते मिस्त्री उलटा रस्ता धरतात. जुन्या प्लगच्या सांगाड्यात बोथट बोल्ट बसवून तो पहिल्या सिलिंडरमध्ये लावायचा, म्हणजे पिस्टन पूर्ण वर येण्याआधीच अडेल. बॅटरीची वायर सोडायची, बाकीचे प्लग काढायचे, पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळूच फिरवायचं. अडला की पुलीवर काट्यासमोर खडूची रेघ. मग उलट्या दिशेने, पुन्हा अडेपर्यंत. दुसरी रेघ. दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टॉप. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर एक अंश म्हणजे १.३ मिलिमीटर, त्यामुळे तिथून हवे तेवढे अंश साध्या टेपनेही आखता येतात. जुनी खाच आणि नवी रेघ यांत बोटभर अंतर निघालं, की आठवडाभराच्या डोकेदुखीचं कारण समोर येतं.

दुसरा सापळा फेऱ्यांचा. चार स्ट्रोकच्या इंजिनात पहिला पिस्टन दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबताना आणि एकदा धूर बाहेर टाकताना. डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या वेळेला धरून बसवला तर तो अर्धी फेरी उलटा लागतो आणि इंजिन कार्ब्युरेटरमधून नाहीतर सायलेन्सरमधून उत्तर देतं. ठिणगीसोबत लखलखून पुलीची खूण दाखवणाऱ्या स्ट्रोब दिव्यालाही हे कळत नाही, कारण पुलीची खूण दोन्ही वेळा त्याच जागी येते. खात्री करायची ती अंगठ्याने. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने पाना फिरवायचा. हवेने अंगठा उडवला की तीच दाबाची फेरी. आता रोटरचं तोंड टोपीतल्या पहिल्या वायरकडे असायला हवं, आणि बाकीच्या वायरी रोटर फिरतो त्या दिशेने १-३-४-२ अशा लागायला हव्यात.

तिसरा सापळा सगळ्यात फसवा. टायमिंग चेन एका दाताने चुकली तर कॅमशाफ्ट पंधरा-वीस अंशांनी मागे-पुढे बसतो आणि त्याच्यावर चालणारा डिस्ट्रिब्युटरही त्याच्यासोबत सरकतो. डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी जागेवर आणता येते. व्हॉल्व्हची वेळ मात्र तशीच चुकलेली राहते. मग स्ट्रोब म्हणतो सगळं बरोबर, आणि गाडी चढ चढत नाही. ठिणगी नीट करूनही पिकअप मेलेलाच असेल, तर पुढचं कव्हर उघडून चेनच्या खुणा पाहण्यावाचून गत्यंतर नसतं.

एवढं झाल्यावरच पॉइंटला हात लावायचा, आणि तोही क्रमाने. आधी गॅप, मग टायमिंग. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो आणि ठिणगी पुढे सरकते. गॅप कमी केला की ती मागे पडते. आधी टायमिंग लावून मग गॅपला हात लावणारा माणूस स्वतःचंच काम पुसून टाकतो.

मग एक छोटा दिवा. १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू, इंजिन बंद, पुली हव्या त्या अंशावर. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून तो मुठीत धरून केसभर फिरवायचा. पॉइंट मिटलेला असेपर्यंत दिवा विझलेला. तो उघडतो त्या क्षणी दिवा लागतो. तिथेच थांबायचं. रोटरच्या विरुद्ध दिशेला फिरवलं की वेळ पुढे जाते, त्याच दिशेला फिरवलं की मागे. दांडा निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून इथला एक अंश क्रँकवर दोन होतो.

इंजिन चालू झालं की स्ट्रोब. पहिल्या वायरला चिमटा लावला की प्रत्येक ठिणगीला दिवा लखलखतो आणि फिरती पुली थांबल्यासारखी दिसते. या चित्रावरून बरंच वाचता येतं. रेघ थरथरत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजलेला किंवा चेन ढिली. ॲक्सिलरेटर दिला तरी रेघ जागची हलत नसेल तर वजनं गंजून अडकलेली. ओढून पाहिल्यावर डबी फुसकी निघाली तर पडदा फाटलेला. घरी जुळवलेल्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर बहुधा कित्येक वर्षं पेटीत पडून असतो, त्यामुळे वजनांना तेलाचा थेंब देणं ही पहिल्या दिवसाची गोष्ट.

वेळ फार मागे असली की गाडी तापते, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लाल होतो, पेट्रोल जास्त लागतं. फार पुढे असली की चढावर धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज येतो, ते नॉकिंग. ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, आणि हे चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. हेड घासून घेतलं असेल तर दाब वाढलेला असतो आणि पूर्वीचे अंश आता झेपत नाहीत.

या आवाजाचा इतिहासही केटरिंगपाशीच जातो. इंजिनं ठोकू लागली तेव्हा बोट त्याच्या बॅटरी इग्निशनकडे दाखवलं गेलं. खरं कारण शोधण्याच्या कामावर त्याने थॉमस मिजली या सहकाऱ्याला लावलं. दोष इंधनात निघाला. १९२१ मध्ये मिजलीला शिशाचं टेट्राएथिल संयुग सापडलं. नॉकिंग थांबलं, पण त्या शिशाचं विष जगभरच्या रस्त्यांवर आणि मुलांच्या रक्तात पसरलं. भारतातून शिसंयुक्त पेट्रोल गेलं ते २००० मध्ये.

मुंबईच्या टॅक्सी पुढे सीएनजीवर गेल्या आणि पद्मिनीच्या मिस्त्रींसमोर नवा पेच आला. हा वायू नॉकिंगला सहज बळी पडत नाही, पण पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून त्याला ॲडव्हान्स जास्त लागतो. एकाच डिस्ट्रिब्युटरवर दोन इंधनं चालवायची तर वेळ कुठेतरी मध्ये धरावी लागते. ती मध्यावरची जागा मिस्त्री कानाने शोधत: चालू इंजिनावर डिस्ट्रिब्युटर सावकाश फिरवायचा, आवाज चढतो तिथून किंचित मागे यायचं, आणि चढावर नेऊन ऐकायचं.

मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी अजून आहेत, आणि त्यांची इंजिनं अजून शेडमध्ये उघडली जातात.

अशा एखाद्या शेडमध्ये अखेर क्लॅम्पचा बोल्ट आवळला जातो. खडूची रेघ स्ट्रोबच्या उजेडात काट्यासमोर स्थिर उभी असते आणि चारही सिलिंडर एका लयीत चालतात. मग इंजिन बंद करून, टोपी काढून कॅमवर ग्रीसचं बोट फिरवलं जातं आणि टोपी परत लावली जाते. नव्या पॉइंटची टाच पहिल्या काहीशे किलोमीटरांत घासून बसते, गॅप कमी होतो आणि वेळ मागे सरकते. तेव्हा फिलर गेज आणि तो दिवा पेटीत तळाशी ठेवायचे नसतात. महिनाभराने ते पुन्हा लागणार असतात.