उडते गोदाम

२०२२ च्या मार्च महिन्यात माझी भाची युक्रेनमधून परत आली. तिथे ती वैद्यकीय शिक्षण घेत होती. युद्ध सुरू झाले, मुले सीमा ओलांडून रुमानियात पोहोचली आणि बुखारेस्टहून हवाई दलाच्या विमानाने दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उतरली. घरी आल्यावर दोन दिवस ती फारशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता म्हणाली, "मामा, ते विमान नव्हतंच, गोदाम होतं. खिडक्या जवळजवळ नाहीतच. छताला वायरी आणि नळ्या उघड्या, आणि जमिनीत जागोजागी लोखंडी कड्या. असं विमान कोण बांधतं?"

मी आयुष्यभर मुलांना यंत्रशास्त्र शिकवले. पण इतका चांगला प्रश्न वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. आज त्याचेच उत्तर तुम्हालाही सांगणार आहे.

त्या विमानाचे नाव सी-१७ ग्लोबमास्टर. अमेरिकेतल्या मॅकडोनेल डग्लस कंपनीने ते आखले. पहिले उड्डाण १९९१ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचहून झाले. पुढे ही कंपनी बोइंगमध्ये विलीन झाली. एकूण २७९ विमाने बांधून २०१५ साली उत्पादन थांबले. त्यातली अकरा भारताकडे आहेत. पहिले २०१३ साली आले, अकरावे २०१९ साली.

प्रवासी विमान आखताना मुख्य विचार असतो तो हवेतल्या प्रवासाचा. कमी इंधनात लांब कसे जाता येईल? मालवाहू लष्करी विमानात त्याच्याइतकाच, किंबहुना अधिक, विचार जमिनीचा असतो. कुठे उतरता येईल, किती लवकर रिकामे होता येईल, आणि परत कसे निघता येईल? या विमानाचा प्रत्येक अवयव या तीन प्रश्नांतून जन्माला आला आहे.

आधी पोट पाहू. आतली जागा ८८ फूट लांब, १८ फूट रुंद आणि १२ फुटांहून थोडी उंच. पंख पोटाखालून नेले, तर विमान जमिनीपासून उंच राहते आणि शिडी लागते. म्हणून इथे पंख छतावरून नेले आहेत. त्यामुळे पोट खाली येते आणि तळ ट्रकच्या हौद्याच्या उंचीला येऊन बसतो. शेपटीखालचे दार खाली झुकले की त्याचाच उतार होतो. जीप, तोफ, अगदी साठ टनांहून जड रणगाडासुद्धा त्यावरून आपल्या चाकांवर किंवा पट्ट्यांवर आत जातो. जास्तीत जास्त ७७ टन माल मावतो. पन्नास किलोची पंधराशे पोती म्हणा ना!

आता उतरण्याचा प्रश्न. भरलेल्या अवस्थेत या विमानाचे वजन २६५ टनांपर्यंत जाते. इतके जड विमान हळू उडवले तर ते खाली पडेल, आणि वेगाने आणले तर त्याला लांबलचक धावपट्टी लागेल. यावर आखणाऱ्यांनी एक युक्ती केली. पंखांच्या मागच्या कडेला झडपा असतात, त्या उतरताना खाली वळतात. सी-१७ मध्ये इंजिनांचा झोत थेट या झडपांवर सोडला आहे. झोत झडपांवर आदळून खाली वळतो आणि पंखाला जादा उचल देतो. म्हणजे इंजिने विमानाला नुसती पुढे ढकलत नाहीत, थोडी वरही धरतात. त्यामुळे ते हळू आणि तीव्र उतारात खाली येऊ शकते. साडेतीन हजार फुटांची धावपट्टी त्याला पुरते.

जमिनीला टेकल्यावर इंजिनांचा झोत उलटा फिरवून वेग मारला जातो. बहुतेक प्रवासी जेट विमानांतही हे होते. पण इथे झोत पुढे आणि वर जातो. कच्च्या पट्टीवरची धूळ आणि खडी उडून इंजिनात शिरू नये, हा त्यामागचा हेतू. याच बळावर हे धूड स्वतःच्या ताकदीने मागेही सरकते. नव्वद फूट रुंदीच्या पट्टीवर, अरुंद गल्लीत मोटार मागेपुढे करून फिरवावी, तसे ते तीन टप्प्यांत वळते. चाके चौदा आहेत, बारा पोटाखाली आणि दोन पुढे. वजन वाटले जावे म्हणून.

हे सारे कागदावर सोपे वाटते, पण तसे झाले नाही. १९९२ साली पंखाच्या ताकदीची चाचणी झाली. अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार पंखाने सोसायला हवा होता. तो १२८ टक्क्यांनाच मोडला. मोठा खर्च करून पंख पुन्हा आखावा लागला. कमी धावपट्टीत उतरण्याची किंमत असते, ती अशी.

विमान चालवायला माणसे फक्त तीन लागतात. दोन वैमानिक आणि एक लोडमास्टर. या तिसऱ्याचे काम फार नाजूक. बैलगाडीत माल मागे जास्त झाला, की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते, हे आपल्याकडे शेतकऱ्याचे पोरही जाणते. विमानाचे तसेच. प्रत्येक नग कुठे ठेवायचा, किती साखळ्यांनी जखडायचा, हे लोडमास्टर ठरवतो. हवेत एखादा जड नग मागे घसरला, तर वैमानिकाच्या हातात फारसे काही उरत नाही.

याचा उपयोग काय? अरुणाचलमध्ये चीनच्या सीमेजवळ मेचुका नावाचे गाव आहे. उंची ६,२०० फूट, धावपट्टी अवघी ४,२०० फुटांची. तिथे २०१६ च्या नोव्हेंबरात आपल्या हवाई दलाने सी-१७ उतरवले. मार्च २०२४ मध्ये याच जातीच्या विमानाने अरबी समुद्रात नौदलाचे कमांडो आणि त्यांच्या दोन नौका आकाशातून सोडल्या. सोमाली चाच्यांनी पळवलेल्या रुएन या जहाजावरचे सतरा खलाशी सुटले, आणि पकडलेले पस्तीस चाचे पुढे मुंबई पोलिसांच्या ताब्यात आले.

पण मला सर्वांत जास्त आठवते ते काबूल. १५ ऑगस्ट २०२१ च्या रात्री अमेरिकेचे एक सी-१७ तिथून ८२३ माणसे घेऊन उडाले. बाकांची सोय १०२ जणांची. माणसे जमिनीवर दाटीवाटीने बसली. सुरुवातीला आकडा ६४० सांगितला गेला, कारण मांडीवर बसलेली १८३ मुले मोजायची राहून गेली होती. एका माणसाचे सरासरी साठ किलो धरले, तरी ८२३ जणांचे वजन पन्नास टनांच्या आत भरते. विमानाची ताकद त्याहून पुष्कळ जास्त. अडचण जागेची होती, वजनाची नव्हती. आणि जागा होती, कारण मुळात तिथे काहीच नव्हते. ना खुर्च्यांच्या रांगा, ना खिडक्या.

भाचीला मी हेच सांगितले. तू ज्या मोहिमेतून आलीस, तिच्यातली विमाने जाताना तंबू आणि पांघरुणे घेऊन गेली, येताना तुम्हा मुलांना घेऊन आली. प्रवासी विमान ठरल्या तळावर ठरल्या खुर्च्यांवर माणसे नेते. गोदामाला असे ठरलेले काही नसते, म्हणूनच ते दोन्ही कामांना आले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि त्या जमिनीतल्या कड्या?"

"साखळ्या अडकवायला. माल हलू नये म्हणून."

"माझी सॅक त्यांनी तिथेच बांधली होती," ती म्हणाली. "सहा वर्षांचं सामान तेवढंच उरलं होतं."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)