अँटिबायोटिकनेच लागलेले जुलाब

‘जुलाब लागले, दोन अँटिबायोटिकच्या गोळ्या द्या’, ही मागणी मेडिकल स्टोअरला नवी नाही. खरं तर बहुतेक जुलाब आपोआप थांबतात. जिवावर बेततं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. आधी ओआरएस, लहान मुलांना सोबत झिंक. शौचात रक्त, जोराचा ताप किंवा कॉलऱ्याची शंका असेल, तर अँटिबायोटिकचं डॉक्टर ठरवतील.

जुलाबाचं कारण कधी अँटिबायोटिकच असतं, हे मात्र फारसं कुणाच्या गावी नसतं. औषधाने मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलला रान मोकळं मिळतं. डॉक्टर त्याला ‘सी डिफ’ म्हणतात. त्याच्या विषाने आतडं सुजतं. हा जिवाणू 1935 मध्ये निरोगी नवजात बाळांच्या शौचात सापडला होता. अँटिबायोटिकनंतरच्या आतड्याच्या आजाराशी त्याचं नातं कळायला 1978 उजाडलं. पासष्टीपुढच्या आणि दवाखान्यात दाखल रुग्णांना धोका जास्त. कोर्स संपला म्हणजे सुटलो, असंही नाही. पुढचे दोन-तीन महिने जुलाब झाले, तर आधी घेतलेलं औषध डॉक्टरांना सांगा. जुलाब बंद करणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

‘सॅनिटायझर लावलंय की!’ इतर बऱ्याच जंतूंसाठी ते उत्तमच. पण रुग्णाच्या शौचातून पसरणारे सी डिफचे बीजाणू, म्हणजे जिवाणूचं कवचबंद रूप, अल्कोहोलला दाद देत नाहीत. ते साबणाने चोळून वाहत्या पाण्यात धुऊनच जातात. कॉटचा कठडा, कमोड, दाराची कडी यांवर ते महिनोन् महिने टिकतात, म्हणून पुसायला क्लोरीनयुक्त जंतुनाशक, रुग्णाला वेगळी खोली आणि वेगळं शौचालय. पेशंटच्या कॉटवर बसून डबा उघडणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

‘तोंडाने कसलं औषध देता, सलाईनमधून द्या’ हा हट्ट इथे तर उलटाच पडतो. सी डिफवर दिलं जाणारं व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक शिरेतून दिलं, तर मोठ्या आतड्याच्या पोकळीत पुरेसं पोचत नाही. ते पोटातूनच द्यावं लागतं.

जुलाब थांबल्यावर पुन्हा शौच तपासायची गरज नसते, कारण बऱ्या झालेल्यांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. आजार मात्र साधारण पाचातल्या एकाला परत गाठतो. अशा रुग्णांवर नेदरलँड्समध्ये एक उपाय करून पाहिला गेला: निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू नळीने आतड्यात सोडायचे. किळस येईल, पण 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत व्हॅन्कोमायसिन इतकं मागे पडलं, की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.