पवित्र शास्त्राशेजारी काळा पहाड

ख्रिस्ती माणसाने खुना-दरोड्यांच्या गोष्टी वाचाव्यात काय, हा प्रश्न आमच्या मंडळीत मधूनमधून डोके वर काढीत असतो. कुणी नवे पाळकसाहेब येतात, तरुण संघात त्यांचे व्याख्यान होते आणि व्याख्यानाच्या शेवटी सिनेमा, पत्ते आणि रहस्यकथा यांची एकाच दोरीने मोट बांधली जाते. मागच्या बाकावर बसलेल्या आम्हा म्हाताऱ्या बायका अशा वेळी एकमेकींकडे पाहत नाही. पाहिले तर हसू येईल ना!

कारण आमच्या घरी पडेगावला पवित्र शास्त्र आणि बाबूराव अर्नाळकर एकाच फळीवर नांदत होते. फळीच्या उजव्या अंगाला पवित्र शास्त्र, त्याला टेकून 'उपासना संगीत', मग 'ज्ञानोदया'चे अंक आणि त्यांच्या आडोशाला झुंजार व काळा पहाड. पुस्तके भाड्याची असत. बाबा सायकलवरून छावणी ओलांडून शहरात कामाला जात आणि शनिवारी येताना आईसाठी दोन पुस्तके घेऊन येत. शनिवारीच का? तर रविवारच्या उपासनेनंतर आईला दुपार मोकळी मिळे. अर्नाळकरांच्या पुस्तकांची संख्या हजाराच्या पुढे मोजतात. त्यांतली निदान दोन-अडीचशे तरी आमच्या ओट्यावर वाचून झाली असतील.

पडेगाव तेव्हा शहरात नव्हते. छावणी मागे टाकून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागले की दुतर्फा माळ, झाडे, तुरळक वस्ती. आता महानगरपालिकेची हद्द आहे, इमारती आहेत, आणि २०२३ पासून शहराचे नावही छत्रपती संभाजीनगर झाले आहे. त्या काळी मात्र दिवेलागण झाली की रस्ता सामसूम होई आणि काळ्या पहाडाची गोष्ट वाचायला त्याहून चांगली जागा शोधूनही सापडली नसती.

वाचनाची आवड ही आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना मिशनच्या शाळेतूनच मिळालेली. आमच्या मराठवाड्यापुरते बोलायचे तर औरंगाबादेत रेव्हरंड रतनजी नवरोजी आणि जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री, एक जन्माने पारशी आणि दुसरे ब्राह्मण, यांनी एकोणिसाव्या शतकात काम उभे केले. 'ज्ञानोदय' १८४२ पासूनचे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे, म्हणजे मराठी कादंबरीचा आरंभच. ज्या समाजाच्या पणज्यांना शास्त्र वाचता यावे म्हणून बाराखडी शिकवली, त्या समाजाच्या नातींनी पुढे झुंजार वाचला तर त्यात नवल ते काय? एकदा अक्षर फुटले की ते कुणाच्या ताब्यात राहत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. रहस्यकथेचा आणि शास्त्राचा काही संबंध आहे का? मला विचाराल तर पहिला गुप्तहेर दानिएल. आमच्या प्रॉटेस्टंट शास्त्रात त्याच्या या दोन गोष्टी नाहीत. त्या मला शेजारच्या रोमन कॅथलिक काकूंकडून कळल्या. त्यांच्या शास्त्रात त्या आहेत. एका गोष्टीत सुसान्ना नावाच्या निर्दोष बाईवर दोन वडीलधारे न्यायाधीश कुभांड रचतात. दानिएल दोघांना वेगळे करतो आणि एकच प्रश्न विचारतो, हे कुठल्या झाडाखाली पाहिले? दोघे दोन झाडांची नावे सांगतात. दुसरीत बेल दैवताचे पुजारी राजाला भासवतात की मूर्ती रोज नैवेद्य खाते. दानिएल रात्री देवळाच्या जमिनीवर राख पसरून ठेवतो. सकाळी राखेत पुजाऱ्यांची, त्यांच्या बायकापोरांची पावले उमटलेली! मेजाखाली चोरदरवाजा होता. बंद खोलीचे रहस्य, पावलांचे ठसे, साक्षीदारांची उलटतपासणी, सगळे आले की नाही?

पुढे कॉलेजात असताना इंग्रजीतला फादर ब्राऊन हाती आला. चेस्टरटनने १९१० साली हा गुबगुबीत, छत्री विसरणारा कॅथलिक धर्मगुरू जन्माला घातला. त्याचा नमुना म्हणजे फादर जॉन ओ'कॉनर नावाचे खरेखुरे धर्मगुरू. या साध्यासुध्या माणसाला दुष्टपणाची केवढी माहिती, हे पाहून चेस्टरटन चकित झाला होता. रोज लोकांचे पापनिवेदन ऐकणाऱ्याला ती असणारच! याच ओ'कॉनरनी १९२२ साली चेस्टरटनला कॅथलिक मंडळीत घेतले. रोनाल्ड नॉक्स तर स्वतःच धर्मगुरू. त्यांनी संपूर्ण बायबलचे इंग्रजी भाषांतर केले आणि रहस्यकथाही लिहिल्या. १९२९ साली त्यांनी रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहून काढल्या. त्यांत भुताखेतांना मज्जाव आहे आणि चोरवाट एकापेक्षा जास्त असू नये असे बजावले आहे. दानिएलाच्या गोष्टीत एकच चोरदरवाजा आहे, तेव्हा ती नॉक्सच्या परीक्षेत उतरते!

पण मला फादर ब्राऊन आवडतो तो हुशारीसाठी नव्हे. तो चोराला पकडतो आणि पुष्कळदा सोडूनही देतो. फ्लांबो नावाचा अट्टल चोर हिरे घेऊन झाडावर चढलेला असतो. फादर खाली उभा राहून त्याच्याशी बोलतो आणि हिरे वरून खाली येतात. तोच फ्लांबो पुढे चोरी सोडून गुप्तहेर होतो. गुन्हेगार कसा ओळखतोस असे विचारल्यावर फादरचे म्हणणे असे की, मी आतून तो माणूस होऊन पाहतो, खून करण्याइतका मीही वाईट आहे हे पटेपर्यंत. हे वाचले तेव्हा मला आमच्या घरची एक गोष्ट आठवली. आईला इंग्रजी येत नव्हते आणि फादर ब्राऊनचे नावही तिने ऐकले नव्हते.

साल १९६८. आमच्या मंडळीचा कापणीचा सण होता. ज्यांनी हा सण पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. शेतातले, परसातले जे असेल ते लोक देवाला आणतात. ज्वारी, भोपळे, अंडी, कोंबड्या. उपासनेनंतर आवारात त्यांचा लिलाव होतो. दोन रुपयांचा भोपळा पाच रुपयांना जातो आणि घेणारा खुशीत असतो. बाबा त्या वर्षी खजिनदार. चौघेजण वसुलीला होते, पैसे पत्र्याच्या पेटीत पडत होते. रात्री हिशेब केला तेव्हा यादीपेक्षा ५४ रुपये ७५ पैसे कमी भरले.

तेवढे पैसे म्हणजे तेव्हा चेष्टा नव्हती. पेटी काही वेळ आतल्या खोलीत होती आणि तिथे घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचा मुलगा झाडायला गेला होता. तेरा-चौदा वर्षांचा पोर. झाले! कुणी उघड बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक. पंचांपैकी एकाने म्हाताऱ्याला बोलावून 'समज' दिली. पोराचे शाळेत जाणे बंद झाले. बाबा पदरचे पैसे भरायला निघाले होते, तर आई म्हणाली, "अहो, तुम्ही भरलेत तर चोरी त्या पोराच्या नावावर कायमची लागेल. मला यादी दाखवा आधी."

यादी ओट्यावर घेऊन ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "चोर पेटीत हात घालतो आणि मूठ मारतो. हिशेब करून नेत नाही. हे बघा, शेवटच्या तीन वस्तू. करडू ३८ रुपये, कोंबड्यांची जोडी साडेअकरा, भोपळा सव्वापाच." बाबांनी बोटांवर बेरीज केली. ५४ रुपये ७५ पैसे. पैसे पेटीतून गेलेच नव्हते. ते पेटीत पडलेच नव्हते. मग पोराचा संबंध कुठे राहिला?

पुढचे काम आईने नळावर केले. करडू, कोंबड्या आणि भोपळा कुणाच्या घरी गेले हे साऱ्यांना माहीत होते. त्या घरच्या बायकांशी इकडचे तिकडचे बोलता बोलता पैसे कुणाच्या हाती दिले, एवढे तिने काढून घेतले. का विचारते हे त्यांना कळू दिले नाही. घरी येऊन गप्प. बाबा म्हणाले, "नाव सांग, मी उद्याच पंचांपुढे ठेवतो." आईने फळीवरून शास्त्र काढले आणि मत्तयाचा अठरावा अध्याय त्यांच्यापुढे उघडून ठेवला. त्यात प्रभूने क्रम लावून दिला आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने एकट्याला गाठावे. ऐकले नाही तर एक-दोघांना घेऊन जावे. आणि मंडळीपुढे सर्वांत शेवटी. बाबा चिडले. म्हणाले, "आणि त्या पोराचे काय? त्याची बदनामी चव्हाट्यावर आणि याचा न्याय कानात?"

बाबांचा प्रश्न खरा होता, आणि तो आईलाही खरा वाटला. म्हणून तिने दोन गोष्टी केल्या. संध्याकाळी ती एकटी त्या घरी जाऊन आली. किती वेळ बसली, काय बोलली, देव जाणे. आणि मग पाळकसाहेबांकडे जाऊन ठणकावून सांगितले की, पैसे मिळतील न मिळतील, पण येत्या रविवारी वेदीपाशी उभे राहून मुलगा निर्दोष आहे हे त्याचे नाव घेऊन सांगितले पाहिजे. यादीची बेरीज तिने त्यांच्यापुढे ठेवली. रविवारी पाळकसाहेबांनी तसे सांगितले. 'समज' देणाऱ्या पंचांना म्हाताऱ्याची माफी मागायला उभे केले. आणि दानाच्या पिशवीत एक पाकीट निघाले, आत बरोबर ५४ रुपये ७५ पैसे. पाकिटावर नाव नव्हते. घंटावाल्याचा पोर सोमवारपासून शाळेत जाऊ लागला.

रहस्यकथा असती तर शेवटच्या पानावर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून नाव फोडले असते. आईने ते बाबांनासुद्धा सांगितले नाही. दवाखान्यात तिचे शेवटचे दिवस मोजत असताना मी एकदा लाडात येऊन विचारले, तर म्हणाली, "त्याने परत दिले ना? मग नाव कशाला उरते?"

यावरून रहस्यकथा वाचणे धर्मात बसते असा दाखला मी देत नाही. पुष्कळ रहस्यकथा वाचून मला उबग येतो. पहिल्या प्रकरणात प्रेत पडते आणि मग त्या माणसाची आठवण कुणालाच राहत नाही. तो टेबलखुर्चीसारखा एक सामानाचा नग होतो. अलीकडे नातवाच्या मोबाईलवर ज्या मालिका चालतात, त्यांत तर एका भागाला तीन प्रेते. हाबेलाचे रक्त जमिनीतून ओरडते असे जिथे शिकले, तिथे हे कसे रुचावे? डोरोथी सेयर्स या बाई मला म्हणूनच जवळच्या वाटतात. येशूच्या जीवनावर त्यांनी रेडिओसाठी नाटके लिहिली, आणि १९३४ सालच्या त्यांच्या एका कादंबरीत चर्चच्या घंटाच रहस्याच्या मुळाशी आहेत. तिच्यातले प्रेत कुणाचे, हा प्रश्न शेवटपर्यंत माणसाचाच राहतो. कादंबरीचे नाव 'द नाईन टेलर्स'. रहस्य अर्थातच सांगणार नाही.

नातवाला मात्र आईचा न्याय मुळीच पसंत नाही. दिवाळीच्या सुटीत तो आला आहे. शेजारून फराळाचे ताट आले त्यातली चकली खात त्याने माझ्याकडून वसुलीच्या चौघांची नावे काढून घेतली आणि वहीत मांडली. दोघांवर फुली मारून झाली आहे. चौघेही केव्हाच मातीआड गेले असले तरी त्यांची मुले-सुना रविवारी आमच्याच बाकांवर बसतात. मी वही मागितली तर म्हणतो, "आजी, अजून तपास चालू आहे."