वयात येताना (भाग ४) : छाती दुखते, पण सांगायचं कोणाला?

मागच्या भागात उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांविषयी वाचलं. त्याच सुमारास अनेक मुलींची छाती दुखू लागते, आणि ही तक्रार सहसा कोणाच्या कानावर जात नाही. जव्हार-मोखाड्यातल्या कितीतरी मुली आश्रमशाळेत राहून शिकतात. आईची भेट सणासुदीला नाहीतर सुटीत. एरवी विचारपूस करणारी मोठी बाई म्हणजे अधीक्षिका. लाजेपोटी मुलगी तिलाही सांगत नाही, मैत्रिणीला सांगते, आणि मैत्रीण म्हणते, ‘गाठ असेल.’ तिथून भीती सुरू होते. ही भीती घालवायला मोठ्या माणसाने दोनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो : नेमकं कुठे दुखतं आणि केव्हा दुखतं?

स्तनाग्राच्या बरोबर खाली दुखत असेल, मुलगी आठ ते तेरा वर्षांची असेल आणि पाळी अजून आली नसेल, तर ती बहुधा वाढीची खूण आहे. तिथे बोराच्या आठळीएवढी टणक चकती हाताला लागते. अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाझरू लागलं की स्तनातल्या नळ्या वाढतात, भोवतीचा भाग ताणला जातो आणि हुळहुळा होतो. दप्तराचा पट्टा घासला, खेळताना कोपर लागलं, पालथं झोपलं की कळ येते. पुष्कळदा ही चकती आधी एकाच बाजूला येते, दुसरीकडे काही महिन्यांनी. त्यामुळेच ‘गाठ’ वाटते. पण पुढे त्याच चकतीचा स्तन होणार असतो. ती चोळू नये, दाबून जिरवायला जाऊ नये. ती कापून काढली तर त्या बाजूची वाढच खुंटू शकते. पाळी साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. म्हणजे हे दुखणं पाळीविषयी बोलायला वेळ आहे, हेही सांगून जातं.

वयाचा हिशेब इथे जरा सैल धरावा लागतो. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी जव्हारचं कुपोषण राज्यभर गाजलं. पोटभर, सकस अन्न न मिळालेल्या मुली उशिरा वयात येतात. वर्गातल्या दुसऱ्या मुलीला जे अकराव्या वर्षी झालं ते हिला बाराव्या वर्षी झालं, तर बिघडलं नाही. मात्र तेरा पूर्ण होऊनही छातीची वाढ सुरूच नाही, पंधरा पूर्ण होऊनही पाळी नाही, किंवा आठच्या आतच वाढ सुरू झाली, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

पाळी सुरू झालेल्या मुलीचं दुखणं वेगळं. पाळीच्या आधी काही दिवस दोन्ही बाजू जड होतात, ठणकतात, कळ काखेपर्यंत जाते; पाळी आली की उतरते. दोन-तीन महिने वहीत तारखा टिपल्या की हा फेरा स्पष्ट दिसतो. पाळी चुकली असेल आणि छाती हुळहुळी असेल, तर मात्र गर्भधारणेची शक्यता मनात ठेवून मुलीला एकटीला, न रागावता विचारावं. कोणी त्रास दिला असेल तर तेही अशाच वेळी बाहेर येतं. त्यासाठी १०९८ ही बालकांची मदतवाहिनी आहे.

तिसरं दुखणं स्तनाचं नसतंच. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन चढ चढायचा. एरवी लाकडाची मोळी. बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला जिथे जुळतात, तिथे मुलीने स्वतःच्या बोटाने दाबून पाहावं. नेमकी तीच कळ उठली, हात वर केल्यावर किंवा खोल श्वास घेतल्यावर वाढली, तर दुखणं स्नायूंचं, बरगड्यांचं आहे. चार दिवस ओझं कमी करणं हाच त्यावर उपाय.

मुलग्यांनाही हे होतं. तेरा-चौदाच्या सुमारास अनेकांच्या स्तनाग्राखाली तशीच दुखरी चकती येते आणि बहुतेकांची दोनेक वर्षांत आपोआप जिरते. चिडवाचिडवीमुळे सदरा काढायला, पोहायला नको म्हणणाऱ्या मुलाला सरांनी एवढं सांगितलं तरी पुरे.

आराम पडावा म्हणून मापाचे, सुती, आधार देणारे आतले कपडे द्यावेत. ओल्या फडक्याने थंड किंवा कोमट शेक घ्यावा. फार दुखलं तर पॅरासिटामॉल, पण मात्रा वजनाप्रमाणे नर्सताईंना विचारून. त्वचा लाल, गरम झाली, ताप आला, पू किंवा रक्त आलं, स्तनाग्राखाली नसलेली वेगळी गाठ लागली किंवा ती वाढत गेली, तर थांबू नये. या वयातली वेगळी गाठ बहुधा फायब्रोअ‍ॅडेनोमाची, म्हणजे सरकणारी, निरुपद्रवी असते. कर्करोग या वयात अत्यंत दुर्मीळ. तरीही निदान डॉक्टरांनी करावं.

जायचं कुठे? जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र तर आहेच. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत चालणाऱ्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये असल्या शंका विचारता येतात. १०४ वर फोन करूनही सल्ला मिळतो. शाळेत मुलं तपासायला येणारं पथक ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आहे, त्याची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्येच झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. पथकात महिला डॉक्टर असणं अपेक्षित आहे. पण पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, आणि मुली रांगेत उभ्या राहून, सगळ्यांसमोर छातीविषयी बोलणार नाहीत. म्हणून पथक यायच्या आठवडाभर आधी अधीक्षिकेने एकेकीला बाजूला घेऊन ते दोन प्रश्न विचारावेत, आणि जिला दाखवायची गरज आहे तिच्यासाठी तपासणीला पडदा लावलेली खोली मागून घ्यावी.

(पुढील भागात : पहिल्या दोन वर्षांत पाळी मागेपुढे का होते?)